शस्त्रक्रियेपूर्वीचा कागद

संमतिपत्र म्हणजे आपल्या शरीरावर होणाऱ्या उपचाराला रुग्णाने दिलेली लेखी परवानगी. शस्त्रक्रिया, भूल, रक्त चढवणे, गर्भपात, नसबंदी, अवयवदान, नव्या औषधाची चाचणी अशा प्रत्येक प्रसंगी हा कागद पुढे येतो. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत त्याला संमतिपत्र म्हणणारे थोडेच. बहुतेकांच्या तोंडी ‘सहीचा कागद’ किंवा नुसते ‘कन्सेंट’ असते, आणि वॉर्डात प्रश्न विचारला जातो तो ‘कन्सेंट घेतली का?’ असा. या ‘घेतली’त बरेच काही आहे. संमती देणाऱ्याची असते. कागद मात्र घेणाऱ्याचा. घेणाऱ्याने तो लिहिला, घेणाऱ्याने जपला आणि फार काळ स्वतःच्या बचावासाठीच वापरला. हा कागद रुग्णाला समजला पाहिजे, ही अपेक्षा त्याच्या इतिहासात बरीच उशिरा आली.

परवानगी मागण्याची रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूतखड्यावरच्या शस्त्रक्रियेचे वर्णन येते. औषधांनी गुण आला नाही तरच शस्त्र हाती घ्यावे, असे तिथे सांगितले आहे. शस्त्र न चालवल्यास मृत्यू ठरलेला आणि चालवल्यास यशाची खात्री नाही. म्हणून वैद्याने आधी ‘ईश्वरा’ला, म्हणजे राजाला, विचारावे आणि मगच पुढे जावे. चरकसंहितेत उदररोगाच्या प्रकरणात असाच प्रसंग आहे. सगळे उपाय थकले आणि विषाचा प्रयोग करण्याची वेळ आली, तर वैद्याने रुग्णाचे नातलग, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरू यांच्यापुढे आपला संशय बोलून दाखवावा आणि त्यांची अनुज्ञा मिळवावी. उपचाराचा धोका आधी उघडपणे सांगायचा, हा आजच्या संमतीचा गाभा या दोन्ही ठिकाणी आहे. पण ज्यांना विचारायचे त्यांच्या यादीत खुद्द रुग्णाचा उल्लेख नाही. पुढची दोन हजार वर्षे भारतीय वैद्यकाने ही यादी फारशी बदलली नाही.

लेखी संमतीचे घराणे वैद्यकाचे नाही. ते जमीन, महसूल आणि निवाड्यांच्या कागदांचे आहे. मराठेशाहीत पंचायतीपुढे वाद गेला की दोन्ही पक्षांकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत. पंच जो निर्णय देतील तो मान्य करायला आम्ही राजी आहोत, असा तो कागद. आज नोकरी सोडण्याच्या पत्राला हे नाव उरले आहे. मुळात राजीनामा म्हणजे अक्षरशः संमतिपत्रच. अशा कागदांवर ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची खूण काढत. कुणबी-पाटलाची निशाणी नांगराची असे, कारागिराची त्याच्या हत्याराची. मजकूर लिहिणारा वेगळा, वाचून दाखवणारा वेगळा आणि बांधला जाणारा तिसराच, ही रचना तेव्हापासूनची आहे.

नांगराची जागा पुढे अंगठ्याने घेतली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने खडी पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. नंतर त्याने ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. ठसा माणसाला कागदाशी बांधतो. कागदात काय आहे हे त्या माणसाला कळले का, याबद्दल ठसा काहीच सांगत नाही. ‘निशाणी डावा अंगठा’ ही ओळ पुढे खरेदीखतांवर आली, कर्जरोख्यांवर आली आणि रुग्णालयाच्या कागदांवरही आली.

गंमत अशी की, कायद्याने त्याच काळात समजण्याची अट स्पष्ट शब्दांत घातली होती. १८६० च्या, आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या, भारतीय दंड संहितेत संमतीवर स्वतंत्र कलमे होती. कलम ८८ मध्ये तर शल्यचिकित्सकाचेच उदाहरण दिले होते: शस्त्रक्रियेने रुग्णाचा मृत्यू संभवतो हे ठाऊक असूनही, रुग्णाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीने, सद्‌भावनेने ती करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. कलम ९० सांगत होते की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे. आणि आपण कशाला होकार देतो आहोत व त्याचे परिणाम काय हे वेडसरपणामुळे किंवा नशेमुळे ज्याला समजू शकत नाही, त्याचा होकारही होकार नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात याहून नेमकी व्याख्या सापडते. दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती झाली असे मानायचे. ‘एकाच अर्थाने’ या दोन शब्दांकडे रुग्णालयांनी पुढची शंभर-सव्वाशे वर्षे लक्ष दिले असते, तर या लेखाचा बराचसा भाग लिहावा लागला नसता.

संमतीविना चालणाऱ्या सरकारी वैद्यकाचा अनुभव मुंबई इलाख्याला प्लेगात आला. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि लोकांना जबरीने रुग्णालयात हलवले जाऊ लागले. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, अशा वावड्या उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांचे हात आणखी मोकळे झाले. पुण्यात सक्तीच्या घरझडत्यांनी लोकांचा संताप अनावर झाला. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर. तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

आज ओळखता येईल असे संमतिपत्र १९०० मध्ये क्यूबात तयार झाले. अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड हवानाजवळ पीतज्वराचा अभ्यास करत होते. डासांमार्फत रोग पसरतो हे दाखवण्यासाठी निरोगी माणसांना डास चाववून घ्यायचे होते. त्यात स्पेनहून नुकतेच आलेले मजूर होते, म्हणून करार इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत झाला. भाग घेतल्याबद्दल सोन्याच्या रूपात १०० डॉलर, रोग झाला तर आणखी १००. जिवाला धोका आहे हे त्यात कबूल केले होते. पण या बेटावर राहून पीतज्वर टळणे तसेही अशक्यच आहे, असेही त्याच वाक्यात जोडले होते. धोका सांगायचा आणि लगेच त्याची धार बोथट करायची, ही संमतिपत्रांची सवय त्यांच्या जन्माइतकी जुनी आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रशियाच्या सरकारने फर्मान काढले: उपचाराशी संबंध नसलेला प्रयोग करण्यापूर्वी संभाव्य दुष्परिणाम नीट समजावून सांगावेत आणि निःसंदिग्ध संमती घ्यावी. आल्बर्ट नायसर यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर, त्यांना न सांगता, सिफिलिसचे प्रयोग केल्याचे उघड झाले होते. फर्मानामागे तो संताप होता.

न्यायालयांत हा विषय गाजला तो १९१४ च्या न्यूयॉर्कमधील एका निकालाने. १९०८ मध्ये एका स्त्रीने फक्त तपासणीसाठी भूल घ्यायचे मान्य केले होते. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी पोटातली गाठ काढून टाकली. त्यानंतर गँग्रीन झाले आणि तिला काही बोटे गमवावी लागली. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिले की, सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाच्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क त्याचा स्वतःचा आहे. तत्त्व जिंकले, ती स्त्री मात्र खटला हरली, कारण रुग्णालय धर्मादाय होते. नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल देताना १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. संमतीसाठी माहिती आणि आकलन दोन्ही लागतात, हे तिच्या पहिल्याच तत्त्वात आहे. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका निकालात ‘माहितीपूर्ण संमती’ या अर्थाचा शब्दप्रयोग प्रथम आला, आणि तोच पुढे जगभर रूढ झाला.

महाराष्ट्रात या सगळ्याचे पडसाद उमटायला वेळ लागला. इथल्या संमतिपत्राचा साचा वेगळ्याच भट्टीतला होता. ‘मी खाली सही करणार, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतो की…’ अशी त्याची सुरुवात, आणि ‘माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर, परिचारिका व रुग्णालयाचे कर्मचारी जबाबदार राहणार नाहीत’ असा त्याचा शेवट. मधे शस्त्रक्रियेच्या नावासाठी एक रिकामी ओळ, ती बहुधा इंग्रजीत भरलेली. ही भाषा तलाठी कार्यालयाची आणि मुद्रांक विक्रेत्याच्या टपरीवरची आहे. त्या व्यवहारात ‘लिहून देणार’ हा नेहमी दबलेला पक्ष असतो, आणि या कागदात रुग्ण तोच झाला. असल्या सरसकट माफीने डॉक्टरला हलगर्जीपणाच्या दाव्यातून सुटका मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. तरी ते वाक्य टिकून आहे, कारण ते रुग्णाच्या नातेवाइकांना गप्प करते. कायद्यापुढे ज्याला किंमत नाही, त्याचा वॉर्डातला धाक मात्र पुरेपूर चालतो.

१९७१ च्या गर्भपात कायद्याने एक छोटासा पण मोलाचा अपवाद घडवला. त्याच्या नियमांतला ‘नमुना क’ हा संमतीचा फॉर्म अगदी थोडक्या ओळींचा आहे, आणि त्यावर सज्ञान स्त्रीची एकटीची सही पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. रुग्णालये मात्र ती मागत राहिली. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. नसबंदीच्या संमतिपत्राकडे लोक पुढची अनेक वर्षे संशयाने पाहत राहिले, आणि त्यांच्या संशयाला आधार होता.

कागद जाड झाला तो १३ नोव्हेंबर १९९५ नंतर. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. खासगी रुग्णालयांनी वकिलांचा सल्ला घेतला, आणि एका पानाच्या संमतिपत्राची चार-पाच पाने झाली. घडू शकेल अशी प्रत्येक गोष्ट त्यात आली: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पक्षाघात, मृत्यू, आणि या सर्वांखाली ‘व इतर अनपेक्षित गुंतागुंत’. शंभरात एकाला होणारी आणि लाखात एकाला होणारी गोष्ट एकाच ओळीत, एकाच टायपात. रुग्णाला यातून काय निवडायचे ते कळेना. त्याला फक्त भीती कळली. वकिलाच्या दृष्टीने हे संमतिपत्र आधीच्यापेक्षा चांगले होते. रुग्णाच्या दृष्टीने ते अधिक वाईट झाले, आणि याबाबत दुमत असण्याचे कारण नाही.

याचे मोजमाप परदेशांत आधीच झाले होते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास आले. एकात पाच रुग्णालयांची शस्त्रक्रियेची संमतिपत्रे तपासली होती; त्यांतल्या चारांची भाषा शास्त्रीय शोधनिबंधाइतकी अवघड निघाली. दुसऱ्यात कर्करोगाच्या २०० रुग्णांना सही केल्यानंतर एका दिवसाच्या आत प्रश्न विचारले. ६० टक्क्यांना उपचार कशासाठी आहे ते सांगता आले, ५५ टक्क्यांना एखादा मोठा धोका आठवला, आणि कागद लक्षपूर्वक वाचल्याचे सांगणारे ४० टक्केच निघाले. २००३ मध्ये ११४ अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांचे नमुने तपासले गेले. या संस्थांनी वाचनपातळीची जी मर्यादा स्वतःच ठरवली होती, तीही त्यांचे स्वतःचे नमुने सरासरी जवळपास तीन इयत्तांनी ओलांडत होते.

हे मोजमाप मराठीला जसेच्या तसे लावता येत नाही. रुडॉल्फ फ्लेश यांच्या १९४८ च्या सूत्रासारखी सूत्रे वाक्याची लांबी आणि शब्दातली अक्षरे मोजतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘मुलाबाळांसाठीसुद्धा’ हा लांबलचक शब्द शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो. ‘अर्बुद’ हा तीन अक्षरी शब्द पदवीधराला कळत नाही. मराठी संमतिपत्राची अडचण लांबीत कमी आणि शब्दांच्या निवडीत, वाक्याच्या बांधणीत जास्त आहे.

बांधणीचे उदाहरण जवळजवळ प्रत्येक छापील संमतिपत्रात सापडते: ‘सदर शस्त्रक्रियेदरम्यान उद्‌भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतीबाबत मला पूर्ण कल्पना देण्यात आली असून त्याबाबत माझी कोणतीही हरकत नाही.’ कल्पना कोणी दिली? ‘देण्यात आली’ म्हटले की देणारा नाहीसा होतो. काय सांगितले तेही नाहीसे होते, उरते फक्त सांगितल्याची पावती. हेच वाक्य ‘डॉक्टरांनी मला सांगितले की या ऑपरेशनमध्ये…’ असे सुरू केले तर पुढे काहीतरी सांगावेच लागते. कर्मणी प्रयोग हा इथे व्याकरणाचा नव्हे, जबाबदारीचा प्रश्न होतो.

शब्दांची अडचण याहून खोल आहे. रुग्णालयाच्या बोलीत ‘पिशवी काढावी लागेल’ असे सर्रास म्हणतात. पिशवी गर्भाची, पित्ताची की लघवीची? डॉक्टरांना गर्भपिशवी अभिप्रेत आहे हे कळले, तरी सोबत अंडाशय काढणार का, आणि ते काढल्याने काय होते, हा प्रश्न राहतोच. त्या अवयवाला शाळेच्या पुस्तकात अंडाशय, दुसरीकडे बीजकोश, तिसरीकडे बीजांडकोश म्हणतात; घरात त्याला नावच नाही. ‘भूल’ हा मात्र मराठीचा सुंदर शब्द. पूर्ण भूल, कमरेखालची भूल, जागेपुरती भूल हे सगळ्यांना उमजते. तिथे ‘सार्वदैहिक संवेदनाहरण’ छापणाऱ्याने कोणाचाही फायदा केलेला नाही. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हाही लोकांनीच घडवलेला शब्द. पण त्याने कापाकापी होतच नाही असा समज पसरला, म्हणून तो वापरताना ‘पोटाला तीन-चार लहान भोके पाडून’ हे जोडणे आवश्यक ठरते.

औषध-संशोधनातल्या कागदांना या बाबतीत जास्त कसोटीतून जावे लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये मानवी संशोधनाच्या नीतीविषयी धोरण जाहीर केले आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. मुंबईत १९९३ पासून डॉक्टर आणि कार्यकर्त्यांच्या एका गटाने वैद्यकीय नीतीवर नियतकालिक सुरू केले, तेच पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ झाले. संमती हा त्याच्या आस्थेचा विषय राहिला. २००५ मध्ये औषध नियमांच्या ‘शेड्यूल वाय’मध्ये सुधारणा झाली. चाचणीत भाग घेणाऱ्याला तांत्रिक नसलेल्या, समजेल अशा भाषेत तोंडी आणि लेखी माहिती द्यावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार असावा, हे त्यात आले.

त्यातून मराठी भाषांतराचा एक व्यवसायच उभा राहिला, आणि त्याची एक विचित्र तपासणी-पद्धत. इंग्रजी मसुद्याचे मराठी करायचे, दुसऱ्या भाषांतरकाराने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी मसुदे जुळले की मराठी बरोबर. या तपासणीत ‘प्रतिकूल घटना’ हमखास पास होते, कारण परतीच्या वाटेवर ती अचूक त्याच इंग्रजी संज्ञेत उतरते. ‘औषधामुळे तब्येत बिघडली तर’ हे रुग्णाला कळणारे वाक्य मात्र परत जाताना थोडे हलते आणि अडकते. म्हणजे पद्धत इंग्रजीशी प्रामाणिक राहायला सांगते, रुग्णाशी नाही. ‘यादृच्छिक पद्धतीने’ याऐवजी ‘चिठ्ठी टाकून’, ‘प्लासिबो’ऐवजी ‘औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी’ असे लिहिणारे भाषांतरकार होते आणि आहेत. त्यांना दरवेळी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीपुढे आपली बाजू मांडावी लागते. ‘चाचणी’ या शब्दाचाही घोळ आहे. रक्ताची चाचणी केली की आपल्याला काहीतरी कळते. औषधाची चाचणी आपल्यावर होते आणि कळते दुसऱ्यांना. एकच शब्द दोन्हींना वापरला की रुग्ण पहिलाच अर्थ घेतो.

आणि मराठी ही प्रत्येकाची भाषा नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी बोलणाऱ्या माणसाला पुण्यात घडलेले प्रमाण मराठी संमतिपत्र इंग्रजीइतकेच लांबचे असते. तिथे कागदापेक्षा गावातल्या आशा कार्यकर्तीचे तोंडी सांगणे जास्त खरे. समजण्याची अट पाळली नाही तर काय होते हे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये दिसले. २००९-१० मध्ये तिथल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याच्या एका प्रकल्पात, वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डननीच सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी औषध-चाचणीत संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले; २०१५ मध्ये ते दुर्बल गटांतील व्यक्तींवरील नव्या रेणूंच्या चाचण्यांपुरते मर्यादित केले गेले. कॅमेऱ्यापुढे मान हलवणारा माणूस समजून हलवतो की नाही, हे चित्रफितीवरूनही ठरत नाही. पण डॉक्टरने काय सांगितले आणि किती मिनिटे सांगितले, हे मात्र पहिल्यांदा नोंदले जाऊ लागले.

रोजच्या उपचारांच्या बाबतीत वळण आले ते १६ जानेवारी २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून तपासणीसाठी सही केली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढले. १९०८ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रकरणाशी याचे साम्य अंगावर येणारे आहे. न्यायालयाने म्हटले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवावर बेतलेले नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे. आणि सज्ञान, समजत्या स्त्रीच्या वतीने तिची आई संमती देऊ शकत नाही. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे सांगितले गेले पाहिजे. भरपाई २५,००० रुपयांची मिळाली. त्या स्त्रीने गमावलेल्याशी या रकमेची तुलना होऊ शकत नाही, पण चरकाच्या यादीत नसलेले नाव या निकालाने सर्वांत वर लिहिले.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांची भाषा मात्र अजून जुन्या वळणाची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती कोणाकडून घ्यायची, याच्या क्रमात आधी पती किंवा पत्नी येते, मग अज्ञानाचे पालक, आणि शेवटी खुद्द रुग्ण. मूल होण्याची क्षमता जाईल अशा शस्त्रक्रियेला पती-पत्नी दोघांची संमती मागितली आहे. २०२३ मध्ये आलेले नवे नियम काही आठवड्यांतच स्थगित झाले, त्यामुळे हा क्रम कागदावर कायम आहे.

सोप्या भाषेचा आग्रह कायद्यात स्पष्टपणे उतरला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात. माहिती सोप्या भाषेत, त्या व्यक्तीला कळेल अशी, गरज असल्यास सांकेतिक भाषेत किंवा चित्रांच्या मदतीने द्यावी, असे तो सांगतो. ज्यांच्या समजण्याच्या शक्तीबद्दल समाजाने सर्वांत जास्त शंका घेतली, त्यांच्याच कायद्यात समजावण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर इतक्या नेमकेपणाने टाकली गेली. त्याआधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, नसबंदी शिबिरांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. बिहारच्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करायला सांगितले; धोक्यांची यादी त्या स्त्रीला तिच्या भाषेत समजावावी, आणि त्यानंतर विचार करायला सुमारे एक तास द्यावा, असेही सांगितले. त्या एका तासाचे महत्त्व कोणत्याही सोप्या शब्दाइतकेच आहे. ट्रॉलीवर झोपवल्यानंतर पुढे केलेला कागद कितीही सुबोध असला तरी तो वाचला जात नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक रूप बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि त्यांतल्या अनेक जणी ऐन तिशीत होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेकींनी नोंदवले. ऑपरेशनआधी सहीचा किंवा अंगठ्याचा कागद अशा रुग्णालयांत घेतला जातोच. औषधांनी बरे होण्याचा पर्याय त्यांना कोणी सांगितला का, हा प्रश्न त्या कागदावर छापलेलाच नसतो. जुन्या दंड संहितेचे कलम ९० ज्याला गैरसमजातून दिलेली संमती म्हणत होते, ती याहून वेगळी काय असते?

२०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांना लागू केली. तिच्यामागे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेली १७ हक्कांची सनद आणि जन आरोग्य अभियानासारख्या चळवळींचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. काही रुग्णालयांनी पुढची पावलेही टाकली आहेत. प्रत्येक शस्त्रक्रियेचा वेगळा कागद, अवयवाचे रेखाचित्र आणि त्यावर डॉक्टरने रुग्णासमोर पेनने काढलेली खूण, ‘शंभरातल्या इतक्या जणांना’ अशा शब्दांत सांगितलेला धोका, ‘ऑपरेशन न केल्यास’ या मथळ्याखाली दोन ओळी, आणि शेवटी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय समजले ते सांगायचे व डॉक्टरने ते जसेच्या तसे टिपायचे. या शेवटच्या ओळीत ‘पोटातली खराब झालेली पिशवी काढणार, मूल होणार नाही, दीड महिना वजन उचलायचे नाही’ असे काही लिहिले गेले, तर पाच पानांच्या छापील मजकुरापेक्षा तीच ओळ संमतीचा खरा पुरावा ठरते.

असा कागद सगळीकडे मिळेपर्यंत रुग्णाच्या हाती काही गोष्टी आहेतच. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर संमतिपत्र आदल्या दिवशी मागावे, घरी वाचावे, रिकाम्या ओळी असतील तर त्या भरल्याशिवाय सही करू नये, आणि न कळलेला शब्द डॉक्टरलाच विचारावा. मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत रुग्णाला त्याच्या वैद्यकीय कागदपत्रांची प्रत देणे २००२ च्या नियमांनी डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि सही केलेले संमतिपत्र हा त्या कागदपत्रांचाच भाग आहे.